रेफ्रीवहिनींचा कप

जिवंत माणसांशी खोटं न बोलणारी माणसं मी थोडीफार पाहिली आहेत. मेलेल्या माणसाशीसुद्धा खोटं न बोलणारी मात्र एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या रेफ्रीवहिनी. रविवारची मॅच बघून घरी आल्या की अंगातला कोट न काढताच त्या दिवाणखान्यात जायच्या, भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोसमोर उभ्या राहायच्या आणि निकाल सांगायच्या. "हरलो हो. चांगला मार खाल्ला. दुसऱ्या हाफमध्ये तर आपली पोरं पळतच नव्हती." मग कोट काढायचा, मग चहा. जिंकल्यावरही आवाज तोच. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा गमतीनं म्हटलं, "अहो वहिनी, थोडं गोड करून सांगायचं की! त्यांना कुठे कळणार आहे?" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. म्हणाल्या, "शेवटच्या आजारात यांचे सगळे रिपोर्ट मीच यांना वाचून दाखवले, मंजू. तेव्हा काही लपवलं नाही. आता कशाला लपवू?"

वहिनींचे यजमान, डॉक्टर, तरुणपणी पुण्याहून इकडे इंग्लंडात आले आणि लीड्सजवळच्या एका लहानशा गावात दवाखाना सांभाळत तिथेच म्हातारे झाले. लीड्सच्या आसपास नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ते विमानतळावर आणायला जायचे म्हणतात. त्यामुळे त्यांची बायको ही आपोआप सगळ्यांची वहिनी झाली. 'रेफ्री' हे आम्ही मागाहून जोडलं, अर्थात त्यांच्या पाठीमागे. आमच्या मंडळात अंताक्षरीपासून रांगोळीपर्यंत कसलीही स्पर्धा असो, परीक्षक वहिनी. कारण वहिनींचा निकाल कुणाला पटो न पटो, त्यात वशिला नाही एवढी खात्री असायची.

माझी नि त्यांची ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडण मी एकटीनं माझ्या घरात बसून केलं, त्यांना पत्ताच नव्हता. झालं असं की गणपतीत पुरुषांची मोदक स्पर्धा होती. नियम साधा होता, उकड तिथेच, हॉलच्या किचनमध्ये, सगळ्यांसमोर काढायची. आमच्या निनादची उकड घरी सराव करताना दर वेळी गुठळ्यांची होत होती. म्हणून या शहाण्यानं काय करावं? माझ्याकडून घेतलेल्या उकडीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून लॅपटॉपच्या बॅगेतून नेला आणि गर्दीत अलगद बदलला. पहिला आला! बक्षीस म्हणून स्टीलचं इडलीपात्र मिळालं, टाळ्या झाल्या, आणि फोटोसाठी तो पुढे सरकला तेवढ्यात वहिनींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "निनाद, उकड इथली की घरची?" आमचा नवरा व्हिसा ऑफिसरसमोरसुद्धा एवढा गडबडला नव्हता. "घरची," म्हणाला.

अध्यक्ष सावरायला धावले. "जाऊ द्या हो वहिनी, सणासुदीचं आहे. आपण त्याला समज देऊ. इडलीपात्र राहू दे त्याच्याकडे." वहिनी म्हणाल्या, "समज द्या आणि इडलीपात्रही परत घ्या. नाहीतर दुसरा आला त्या बिचाऱ्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?" इडलीपात्र निनादच्या हातातून दुसऱ्या नंबरच्या हातात गेलं. मी घरी येऊन काय तणतणले! एवढ्याशा मोदकावरून माणसाची भर सभेत शोभा करायची? स्वतःला समजते कोण ही बाई? पुढच्याच शनिवारी बाईंचा फोन आला. "निनादला पाठवून दे. उकड शिकवते. पीठ घेऊन ये म्हणावं, माझ्याकडचं संपलंय." तो गेला, शिकला, आणि येताना वहिनींच्या रविवारच्या मॅचचं, म्हणजे रग्बीचं, वेड घेऊन आला. मग मलाही जावं लागलं.

नागपुरात क्रिकेटवर वाढलेल्या बाईला रग्बी लीग म्हणजे काय वाटणार? धटिंगणांचा धिंगाणा! तेरा एका बाजूला, तेरा दुसऱ्या बाजूला, आणि चिखलात एकमेकांच्या उरावर बसायचं. त्यात आमच्या वहिनी टेरेसवर उभ्या. टेरेस म्हणजे नुसत्या काँक्रीटच्या पायऱ्या, बसायला काही नाही, समोरून वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. सत्तरी ओलांडलेली बाई, साडीवर जाड कोट, पायात बूट, गळ्यात क्लबचा जांभळा-पांढरा स्कार्फ, हातात चिवड्याचा डबा. डबा पूर्ण रांगेतून फिरून यायचा. त्यांच्या शेजारी कायम केव्हिन असायचा. पूर्वी बस चालवायचा, डॉक्टरांचा पेशंट, आणि डॉक्टर गेल्यापासून वहिनींना गाडीतून नेण्या-आणण्याचं काम त्यानं कुणी न सांगता घेतलेलं. चिवड्यातले शेंगदाणे तो वेचून वेचून खायचा, आणि वहिनी त्याला मराठीतून दटावायच्या, "अरे, पोहे पण खा की!" त्याला ते बरोबर कळायचं.

सॅलरी कॅप हा शब्द मला वहिनींनी शिकवला. मोठ्या शहरातल्या श्रीमंत क्लबनं सगळे चांगले खेळाडू विकत घेऊन टाकू नयेत म्हणून पगाराला मर्यादा घातलेली असते, सगळ्या क्लबांना सारखी. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "पंगत समज. सगळ्यांच्या पानात सारखेच लाडू. ज्याची भूक मोठी त्यानं भात जास्त खावा, पण लाडू तेवढेच. म्हणून तर आमच्यासारखं टीचभर गाव मोठ्या शहरांच्या मांडीला मांडी लावून बसतं. आता कुणी पानाखाली लाडू लपवायला लागला, की पंगत मोडलीच म्हणायची."

आणि टीचभर गावानं एकदा खरंच कप जिंकला होता. आम्ही इथे यायच्या आधीची गोष्ट. डॉक्टरांचं आजारपण तोवर बरंच पुढे गेलं होतं. फायनलला जाणं शक्यच नव्हतं, ती त्यांनी कॉटवर पडून टीव्हीवर पाहिली. पण नंतर क्लबनं कप गावकऱ्यांसाठी क्लबहाऊसमध्ये ठेवला, तेव्हा केव्हिननं त्यांना व्हीलचेअरवरून नेलं. रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. त्या रांगेतल्या अर्ध्या लोकांना डॉक्टरांनी लहानपणी सुया टोचलेल्या होत्या. कप मांडीवर घेऊन काढलेला तो फोटो. गालफडं बसलेली, स्कार्फात मान बुडालेली, आणि माणूस हसतोय किती! तोंडभर. आयुष्यभर एका हरणाऱ्या क्लबच्या मागे फिरलेल्या माणसाला शेवटी एकदाचं मिळालं, असं हसू. थंडीत डॉक्टर गेले. जाण्याआधी त्यांनी बजावून ठेवलं होतं, "भिंतीवर हाच लावायचा. तो टाय घातलेला सुतकी नको." म्हणून चंदनाचा हार ज्या फोटोला होता त्यात डॉक्टर होते आणि कपही होता. वहिनी रविवारी निकाल सांगायच्या तो या फोटोला.

आम्ही मॅचला जायला लागलो त्याच्या पुढच्याच वर्षी डोंगरापलीकडचा एक मोठा क्लब पकडला गेला. खेळाडूंना पगार कागदावर एक आणि हातात भलताच. कुणाच्या बायकोला खोटी नोकरी, कुणाला घर, कुणाला गाडी. हे करून त्यांनी चॅम्पियनशिप जिंकलेली, आणि त्या वाटेवर आमच्या पोरांना सेमीफायनलमध्ये लोळवलेलं. चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला, आता काय होतं म्हणून सगळं गाव वाट पाहत होतं. झालं काय? थोडा दंड. पुढच्या मोसमाचे थोडे गुण कापले. कप त्यांच्याकडेच! केव्हिन टेरेसवर लालबुंद होऊन पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होता, "दे कीप इट? दे ओन्ली गो ॲन कीप इट?" म्हणजे कप खुशाल त्यांनीच ठेवून घ्यायचा? मला विचाराल तर असल्या शिक्षेपेक्षा शिक्षा नसलेली बरी. दंड भरायला त्यांच्याकडे पैसे होतेच, नव्हते ते आमच्याकडे. चोरी करा, पकडले गेलात तर दंडाची पावती फाडू, असंच ते झालं. लोक रेडिओवर फोन करत होते, पबमध्ये टेबलं बडवत होते, आणि वरचे लोक म्हणत होते की आता खेळाच्या भल्यासाठी पुढे पाहू या.

वहिनींनी टेबल बडवलं नाही. तो क्लब आमच्या मैदानावर खेळायला आला त्या दिवशी त्या सकाळीच गेल्या आणि गेटसमोरच्या फरशीवर रांगोळी काढली. पुण्याहून बहिणीनं पाठवलेली जांभळी रांगोळी. मोठा रिकामा कप, आणि खाली ठसठशीत इंग्रजी अक्षरांत, गिव्ह इट बॅक. परत करा. केव्हिननं वाऱ्याच्या बाजूला आपली छत्री धरली होती. आमचे लोक टाळ्या वाजवत होते, फोटो काढत होते. पलीकडचे लोकही पाय न पडू देता कडेनं जात होते, एकदोघांनी तर मान खाली घातली होती. संध्याकाळी पावसानं ती धुऊन नेली. पण त्या दिवसापासून गाव वहिनींना ओळखायला लागलं. बेकरीतल्या बाईनं बटाट्याचा पाय, म्हणजे इथली भाजलेली कचोरीच, फुकट दिला, तर वहिनी म्हणाल्या, "पैसे घे, बाई. नाहीतर मला पण दंड होईल."

माझ्या खऱ्या वहिनी त्या दिवशी तिथेच राहिल्या, असं मला कधीकधी वाटतं, त्या बेकरीत, हसताना. पुढचं नसतं झालं तर किती बरं झालं असतं.

पुढचं म्हणजे आमच्याच क्लबचा जुना हिशेबनीस मालकाशी भांडला आणि बोलला. ज्या वर्षी आम्ही कप जिंकला त्याच वर्षी आमच्या क्लबनंही हेच केलं होतं. तीन मोठ्या खेळाडूंना बाहेरून पैसे. त्यांच्याशिवाय आम्ही फायनलला पोचलोच नसतो. मालकानं कबूलही केलं. बातमी रेडिओवर लागली तेव्हा मी वहिनींकडेच होते, भाजी निवडत. त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली, रेडिओ बंद केला आणि कितीतरी वेळ परसातल्या दोरीकडे बघत बसल्या. दिवाणखान्याचं दार उघडं होतं. त्या तिकडे गेल्या नाहीत. मी बाप्पा उरलेली मेथी निवडत राहिले.

शिक्षेचा निकाल आला. थोडा दंड, थोडे गुण. कप आमच्याकडेच! आणि गावानं काय करावं? सुटकेचा निःश्वास टाकला. सुटलो, थोडक्यात भागलं, असं जो तो म्हणत होता. डोंगरापलीकडच्यांना फासावर द्यायला निघालेले तेच लोक, तेच टेबल, तोच पब. माझा संताप संताप झाला. पण खोटं कशाला सांगू, आतून मलाही बरं वाटलं. मला त्या भिंतीवरच्या फोटोची काळजी होती.

त्या रविवारी वहिनी मला म्हणाल्या, "मंजू, जरा डबे धरायला चल." मैदानाच्या गेटसमोर, त्याच फरशीवर, गुडघे दुखत असताना त्या खाली बसल्या आणि त्यांनी तीच रांगोळी काढली. तोच रिकामा कप, तीच अक्षरं. गिव्ह इट बॅक. या वेळी टाळ्या नव्हत्या. लोक थांबायचे, वाचायचे, त्यांच्याकडे बघायचे. एकानं विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात? एक जण मुद्दाम अक्षरांवरून बूट घासत गेला. वहिनींनी डब्यातून चिमूट घेतली आणि तेवढं अक्षर पुन्हा भरलं. मग केव्हिन आला. त्यानं छत्री उघडली नाही. म्हणाला, "नॉट अवर्स, लव्ह. दॅट वॉज डॉक्टर्स कप, दॅट." आपला नको परत मागू, हा तर डॉक्टरांचा कप होता. वहिनी म्हणाल्या, "आय नो, केव्हिन. आय नो हूज कप." त्याचे डोळे भरले होते. तो कडेनं वळसा घालून आत गेला, आणि वहिनी पहिल्यांदाच गेटच्या बाहेर राहिल्या. मी त्यांना टॅक्सीनं घरी आणलं.

त्यानंतर त्या मॅचला गेल्या नाहीत. निनादनं, मी, कितीदा म्हटलं. "पाय चालत नाहीत गं," म्हणायच्या. पाय खरंच चालत नव्हते, पण टेरेसवर उभं राहायचं म्हटलं की पूर्वी ते चालायचे. निकाल नाही, म्हणून फोटोसमोर उभं राहणंही नाही. फुलं बदलायच्या, उदबत्ती लावायच्या, पण मान वर न करता. पितृपक्षात मी त्यांच्याकडे गेले होते. खीर, वडे, सगळं साग्रसंगीत केलं होतं. दरवर्षी फोटोला घालायच्या तो स्कार्फ मात्र खुर्चीवर घडी घालून ठेवलेला. राहवेना म्हणून मी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंत?"

त्या पानावर वडे वाढायला लागल्या. मग म्हणाल्या, "नाही. सगळ्या गावाला सांगितलं. यांना नाही सांगवलं." आणि पानावर वाढता वाढता रडायला लागल्या. मी त्यांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. "दोनदा उभी राहिले गं समोर. पण ते इतके हसतायत. मी काय म्हणू? अहो, ठेवा तो खाली, आपला नाही तो?" डोळे पुसून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचं इडलीपात्र मी काढून घेतलं. आणि यांच्या मांडीवरचा कप काही मला काढून घेता येईना. हे नियमात बसत नाही. मला कळतं. पण एवढी एक सूट दे मला. तिकडे गेल्यावर सांगेन, समोरासमोर. फोटोला सांगण्यासारखी गोष्ट नाही ती." मी कोण त्यांना सूट देणार? मी जवळ घेतलं आणि दोघी रडलो. खीर गार झाली.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला वहिनी गेल्या. हॉस्पिटलमध्ये फार दिवस नव्हत्या. आदल्या दिवशी मला म्हणाल्या, "तुझ्या निनादची उकड आता चांगली होते. यंदा त्याला पहिला नंबर देतील बघ." मग थोडं थांबून, "कोण परीक्षक आहे त्यावर आहे म्हणा."

लंडनजवळच्या क्रॉयडनहून वहिनींची मुलगी आली होती. तिनं वहिनींचा फोटो डॉक्टरांच्या शेजारी लावला, साधाच, स्वयंपाकघरात काढलेला. चौदाव्याला घरी लोक जमले होते. मंडळी जेवून गेली आणि मी आवराआवर करत होते तेव्हा केव्हिन आला. सूट घातलेला, वर जांभळा-पांढरा स्कार्फ. रांगोळीच्या त्या दिवसानंतर तो या घरी आला नव्हता. मी चिवड्याचा डबा पुढे केला. त्यानं मूठभर घेतला, आणि मी बघत होते, शेंगदाणे न वेचता सगळा खाल्ला.

मग तो फोटोंसमोर जाऊन उभा राहिला. डॉक्टरांकडे, त्यांच्या मांडीवरच्या कपाकडे बघत त्यानं हळूच विचारलं, "डिड शी एव्हर टेल हिम?" कधी सांगितलं का त्यांना? मी म्हटलं, नाही. सांगवलं नाही. तिकडे गेल्यावर समोरासमोर सांगेन म्हणाल्या होत्या.

केव्हिननं मान हलवली. "देन शी'ल हॅव टोल्ड हिम बाय नाऊ, दॅट वन." एव्हाना सांगूनही झालं असेल, वहिनी आहेत त्या. त्यानं गळ्यातला स्कार्फ काढला, दोन्ही फोटोंवर मिळून एकच घातला, आणि मागे सरून डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बट स्टिल लाफिंग," तो म्हणाला. "लुक ॲट हिम. स्टिल लाफिंग."

मी पाहिलं. हसत होते.